बीलने १ कोटी ३९ लाखच का सोडले? एका बायआउटचा हिशोब

जुलै २०२५ च्या मध्यावर एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधला फिनिक्स सन्स हा संघ आणि त्याचा खेळाडू ब्रॅडली बील यांची फारकत झाली. बीलच्या कराराची दोन वर्षं शिल्लक होती आणि त्यापोटी त्याला ११ कोटी ८ लाख डॉलर मिळायचे होते. त्यातल्या १ कोटी ३९ लाखांवर त्याने पाणी सोडलं, उरलेले ९ कोटी ६९ लाख द्यायचं सन्सने कबूल केलं आणि गडी मोकळा झाला. काही दिवसांतच तो लॉस अँजेलिस क्लिपर्सच्या गोटात दाखल झाला.

फिनिक्सच्या चाहत्यांमध्ये यावरून जो वाद पेटला, तो अजून धुमसतोय. एक गट म्हणतो, सुंठीवाचून खोकला गेला. दुसरा विचारतो, ही सुंठ ९ कोटी ६९ लाखांची आहे ना? काहींचा राग बीलवर आहे, की एवढी कमाई करूनही जेमतेम आठवा हिस्सा सोडला. काहींचा मालकावर, की कर वाचवण्यासाठी संघाची पुढची पाच वर्षं गहाण टाकली. बास्केटबॉल पाहणाऱ्या मराठी माणसाला सामना कळतो, थ्री-पॉइंटर कळतो, पण ही चर्चा सुरू झाली की कॅप, एप्रन, स्ट्रेच, वेव्ह असल्या शब्दांत गाडी अडते. आणि गंमत अशी की १ कोटी ३९ लाख हा आकडा उदारपणातून आला नव्हता आणि घासाघिशीतूनही नाही. त्यामागे शाळकरी गुणाकार-भागाकार आहे. तो एकदा समजला, की निम्मा वाद आपोआप गळून पडतो.

पण तिथे पोहोचायला आधी हा करार बीलला मिळाला कसा, ते पाहावं लागेल.

हातात हुकमाचा पत्ता

बीलला वॉशिंग्टन विझर्ड्सने २०१२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायच्या फेऱ्यांत, तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. गुण भरपूर करणारा गार्ड, पण संघ कायम मधल्या नाहीतर तळाच्या पायरीवर. २०२२ च्या उन्हाळ्यात तो मोकळा होऊ शकत होता. तो निघून गेला तर हाती काहीच उरणार नाही, या धास्तीने विझर्ड्सने त्याला पाच वर्षांचा, २५ कोटी १० लाख डॉलरचा करार दिला. नियमांत बसेल तेवढा मोठा. आणि वर एक गोष्ट दिली, जी पैशापेक्षा महाग ठरली: नो-ट्रेड क्लॉज.

एनबीएमध्ये खेळाडूला विचारून ट्रेड होत नाही. सकाळी सरावाला गेलेला माणूस संध्याकाळी दुसऱ्या शहराचा झालेला असतो. घर, मुलांची शाळा, काही विचारात घेतलं जात नाही. करार एका संघाकडून दुसऱ्याकडे जातो आणि माणूस करारामागे. नो-ट्रेड क्लॉज असेल तर मात्र खेळाडूच्या होकाराशिवाय पान हलत नाही. तो मागायलासुद्धा लीगमध्ये आठ वर्षं आणि त्या संघाकडे चार वर्षं काढलेली असावी लागतात, आणि एवढं करूनही संघ सहसा देत नाहीत. बीलला मिळाला तेव्हा अख्ख्या लीगमध्ये तो असलेला बील एकटाच होता.

जून २०२३ मध्ये विझर्ड्सने संघ मोडून नव्याने उभारायचं ठरवलं आणि हा क्लॉज त्यांच्याच गळ्याशी आला. कुठे जायचं ते बील ठरवणार. म्हणजे ज्या मोजक्या संघांना तो हो म्हणेल, त्यांच्याशीच सौदा. फिनिक्सने त्याच्या बदल्यात वयाने ३८ वर्षांचा क्रिस पॉल, लँड्री शामेट, दुसऱ्या फेरीतले काही पिक (म्हणजे पुढच्या ड्राफ्टमध्ये खेळाडू निवडायचे हक्क) आणि काही वर्षांच्या पहिल्या फेरीतल्या पिकांची अदलाबदल करायचा हक्क एवढंच दिलं. त्या दर्जाच्या खेळाडूसाठी हे फुटकळ होतं. फिनिक्समध्ये तेव्हा पेढे वाटायचे बाकी होते. केव्हिन ड्युरंट, डेव्हिन बुकर आणि आता बील. तिघंही एकट्याच्या जिवावर सामना फिरवणारे.

क्लॉज मात्र करारासोबत फिनिक्सला आला. ही बातमीतली छोटी ओळ होती. तिची किंमत दीड वर्षाने कळली.

कॅप म्हणजे कुंपण नव्हे, टोलनाके आहेत

आपल्याला आयपीएलमुळे एक सवय लागली आहे. तिथे पर्स ठरलेली असते आणि ती संपली की संपली. कोणी कितीही श्रीमंत असो, एक रुपया जास्त खर्चता येत नाही. एनबीएची कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारांची मर्यादा, तशी नाही. २०२५-२६ च्या मोसमासाठी ती १५ कोटी ४६ लाख डॉलर होती, आणि बहुतेक संघ तिच्या वरच असतात. आपलेच खेळाडू पुन्हा करारबद्ध करायचे असतील तर कॅप ओलांडायला मुभा आहे. किमान वेतनावर कोणालाही घेता येतं. ट्रेडमध्ये साधारण तेवढ्याच पगाराचा माणूस दिला की तेवढ्याच पगाराचा घेता येतो.

मग श्रीमंत मालकाला अडवतं कोण? तर पुढचे टप्पे. त्याच मोसमाचे आकडे घ्या. पगारांची बेरीज १८ कोटी ७९ लाखांच्या वर गेली की लक्झरी टॅक्स सुरू होतो. जितकं वर जाल तितका दर चढतो, आणि वर्षानुवर्षं वर राहिलात तर आणखी चढतो. एक डॉलर पगार वाढला म्हणून तीन-चार डॉलर कर, असंही होतं. १९ कोटी ५९ लाखांवर पहिला एप्रन. २० कोटी ७८ लाखांवर दुसरा.

एप्रन हे नाव ऐकून स्वयंपाकघर डोळ्यांपुढे येतं खरं, पण प्रकार जाच करणारा आहे. टॅक्स हा फक्त पैशाचा दंड. मालकाचा खिसा खोल असेल तर तो भरून मोकळा होतो, चाहत्यांना त्याची झळही लागत नाही. एप्रनचा दंड मात्र पैशाने चुकत नाही, तो हात बांधतो. दुसऱ्या एप्रनच्या वर असलेल्या संघाला ट्रेडमध्ये दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू घेता येत नाही. दिला त्यापेक्षा एक डॉलरही जास्त पगार परत घेता येत नाही. ट्रेडमध्ये रोख रक्कम टाकता येत नाही. सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीतला पिक गोठवला जातो, तो कोणाला देताच येत नाही. सन्सचा २०३२ चा असाच गोठला आहे. पुढेही वारंवार त्या रेषेवर राहिलात तर तो पिक फेरीच्या शेवटी ढकलला जातो.

हे सगळं लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या नव्या सामूहिक करारातून आलं, जो १ जुलै २०२३ पासून लागू झाला. बीलचा ट्रेड त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी कागदावर आला. करारावर तत्त्वतः सहमती एप्रिलमध्येच झाली होती, म्हणजे येणारे नियम फिनिक्सला ठाऊक होते. दार बंद होण्याआधी आत उडी मारली. आत काय आहे, हे नंतर बघू म्हणाले.

एकटाच पगार जुळणारा, आणि तोच नाही म्हणणारा

आत काय निघालं? पहिल्या मोसमात ४९ विजय, ३३ पराभव, आणि प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत मिनेसोटाकडून ४-० असा धुव्वा. दुसऱ्या मोसमात ३६ विजय, ४६ पराभव, आणि प्लेऑफ तर सोडाच, त्याच्या आधीच्या प्ले-इनलाही पात्रता नाही. बील दोन्ही मोसमांत ८२ पैकी ५३ सामनेच खेळला. मे २०२३ पासून एप्रिल २०२५ पर्यंत मॉन्टी विल्यम्स, फ्रँक व्होगल आणि माइक बुडनहोल्झर असे तीन प्रशिक्षक घरी गेले.

२०२४-२५ मध्ये ड्युरंट, बुकर आणि बील या तिघांचाच पगार १५ कोटींच्या वर होता. त्या मोसमाची कॅप होती १४ कोटी ६ लाख. म्हणजे तिघांतच अख्खी कॅप खलास आणि बाकीचे दहा-बारा जण वरखर्चात.

त्या हिवाळ्यात मायामीचा जिमी बटलर आपल्या संघावर रुसून बसला होता. त्याला फिनिक्सला यायचं होतं, फिनिक्सला तो हवा होता. बटलरचा पगार ४ कोटी ८८ लाख. दुसऱ्या एप्रनमुळे फिनिक्सला दोन-तीन पगार एकत्र करून ती रक्कम गाठता येईना. एकाच माणसाचा पगार जुळायला हवा. असे तिघंच होते. ड्युरंट आणि बुकरला बटलरसाठी कोण देणार? राहिला बील, ५ कोटी २ लाखांचा. आणि नेमक्या त्याच माणसाच्या खिशात नकाराधिकार.

त्या जानेवारीत बीलला सुरुवातीच्या पाचांमधून काढून बाकावर बसवण्यात आलं. ती खेळाची गरज होती की जायला तयार व्हावं म्हणून दिलेला चिमटा, यावर चाहत्यांमध्ये तेव्हाही एकमत नव्हतं. बील हलला नाही. बटलर फेब्रुवारीत गोल्डन स्टेटला गेला.

इथे बीलला खलनायक ठरवणाऱ्यांशी माझं जमत नाही. हा हक्क त्याने चोरला नव्हता. विझर्ड्सने सही करून दिला, सन्सने डोळे उघडे ठेवून स्वीकारला. एखाद्याने आपल्या करारातली अट वापरली म्हणून तो संघद्रोही कसा? संघ खेळाडूला न विचारता ट्रेड करतो, तेव्हा आपणच म्हणतो की हा धंदा आहे. धंदा दोन्ही बाजूंनी असतो.

वेव्ह, बायआउट, स्ट्रेच

जून २०२५ मध्ये ड्युरंट ह्यूस्टनला जाणार हे ठरलं. फिनिक्सला त्याच्या बदल्यात जेलन ग्रीन, डिलन ब्रूक्स, दहाव्या क्रमांकाचा पिक आणि दुसऱ्या फेरीतले काही पिक मिळाले. त्रिकूट मोडलं. बील मात्र तिथेच, पुढच्या दोन वर्षांचे ११ कोटी ८ लाख घेऊन बसलेला. ट्रेड करायचा तर तो हो म्हणणार नाही, आणि हो म्हणालाच तरी तेवढा पगार घेणारा संघ सापडणं मुश्कील.

अशा वेळी संघापुढे काय पर्याय असतात? सर्वांत सरळ म्हणजे वेव्ह करणं, खेळाडूला संघाच्या यादीतून काढून टाकणं. वेव्ह केल्यावर ४८ तास इतर संघांना त्याचा करार जसाच्या तसा उचलायची संधी असते. कोणी उचलला नाही तर तो मोकळा, पण ठरलेले पैसे जुन्या संघाने द्यायचेच. एनबीएचे बहुतेक मोठे करार पूर्ण हमीचे असतात. खेळाडू खेळो न खेळो, पैसा चुकत नाही, आणि तो कॅपमध्येही मोजला जातो. मैदानावर नसलेल्या माणसाचा हा पगार म्हणजेच चाहत्यांच्या तोंडी असलेला डेड मनी.

बायआउट म्हणजे वेव्ह करण्याआधी केलेली तडजोड. खेळाडू काही रक्कम सोडतो, संघ त्याला सोडतो. खेळाडू का सोडेल? कारण मोकळं झाल्यावर हवा तो संघ निवडता येतो आणि तिथे नवा पगारही मिळतो. बीलने क्लिपर्सशी दोन वर्षांचा, सुमारे १ कोटी १० लाखांचा करार केला. दोन्ही वर्षं धरली तर सोडलेल्या १ कोटी ३९ लाखांतले १ कोटी १० लाख दुसऱ्या खिशात आले. खरी पदरमोड २९ लाखांची. पंचवीस कोटींच्या करारात ही रक्कम किती, ते तुम्हीच ठरवा.

तिसरा शब्द स्ट्रेच, आणि आपला आकडा इथेच दडला आहे. वेव्ह केलेल्या खेळाडूचे उरलेले पैसे संघाला लांबवून देता येतात. सूत्र साधं: जितकी वर्षं उरली त्याची दुप्पट, अधिक एक. बीलची दोन उरली होती, म्हणून पाच. फक्त हे ३१ ऑगस्टच्या आत उरकलं तरच चालू मोसमाचा पगारही त्यात धरता येतो, म्हणून असल्या गोष्टी जुलै-ऑगस्टमध्ये घडतात. सन्सचे मालक मॅट इशबिया यांचा मूळ धंदा गृहकर्जाचा आहे. हप्ते पाडणं त्यांना कोणी शिकवायला नको.

आता वही घ्या. ११ कोटी ८ लाख भागिले पाच, म्हणजे वर्षाला सुमारे २ कोटी २२ लाख.

पण स्ट्रेचलाही एक लगाम आहे. अशा लांबवलेल्या रकमांची बेरीज कोणत्याही वर्षी कॅपच्या १५ टक्क्यांवर जाता कामा नये. १५ कोटी ४६ लाखांचे १५ टक्के म्हणजे २ कोटी ३२ लाख. बीलचे २ कोटी २२ लाख त्यात बसतात. दहा लाख उरतातसुद्धा. मग अडलं कुठे?

अडलं ते नसीर लिटलपाशी. हा सन्सचा राखीव फॉरवर्ड २०२३ मध्ये पोर्टलंडकडून आला होता, एका मोठ्या तीन संघांच्या ट्रेडमधला किरकोळ भाग म्हणून. २०२४ च्या उन्हाळ्यात सन्सने त्याला वेव्ह केलं आणि त्याची उरलेली तीन वर्षं सूत्राप्रमाणे सात वर्षांवर पसरवली: वर्षाला साधारण ३१ लाख. ई. जे. लिडेल या दुसऱ्या तरुण खेळाडूचेही थोडे हप्ते चालू होते. दोघांचे मिळून वर्षाला ३८ लाख.

२ कोटी ३२ लाखांतून ३८ लाख वजा केले की उरतात १ कोटी ९४ लाख. बीलसाठी वर्षाला जागा एवढीच. गुणिले पाच केले की ९ कोटी ६९ लाख, आणि ते ११ कोटी ८ लाखांतून वजा केले की १ कोटी ३९ लाख. शेवटच्या एक-दोन लाखांचा फरक पडलाच तर तो आपण आकडे गोळा करून लिहिल्यामुळे.

म्हणजे बीलला जे सोडावं लागलं ते त्याच्या मनाच्या मोठेपणावर ठरलं नाही. त्यापेक्षा कमी सोडलं असतं तर स्ट्रेच बसलाच नसता. या अटीपुरतंच बोलायचं तर, लिटल आणि लिडेलचे हप्ते नसते तर बीलने एक छदामही न सोडता सन्सला सगळी रक्कम पाच वर्षांवर पसरवता आली असती. अवघ्या ४५ सामन्यांत झळकलेल्या एका राखीव खेळाडूच्या हिशोबाने एका ऑल-स्टारच्या निरोपाची किंमत ठरवली. चाहत्यांच्या वादात बीलचं नाव हजारदा येतं, नसीर लिटलचं क्वचितच.

पाच वर्षं की दोन?

आता खरा वाद. स्ट्रेच करायला हवं होतं का?

थांबायला हवं होतं म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा: दोन वर्षं कळ काढली असती तर २०२७ च्या उन्हाळ्यात पाटी कोरी झाली असती. आता २०२९-३० पर्यंत दर मोसमात १ कोटी ९४ लाख अशा माणसासाठी मोजायचे, जो दुसऱ्याची जर्सी घालतो. तेवढ्यात एक चांगला पाचवा-सहावा खेळाडू आला असता.

मुद्दा पोकळ नाही, पण अर्धा आहे. दोन वर्षं थांबणं म्हणजे काय, ते पाहायला हवं. बीलचे ५ कोटी ३७ लाख आणि मग ५ कोटी ७१ लाख पूर्णच्या पूर्ण मोजले जाणार, म्हणजे पुन्हा दुसऱ्या एप्रनच्या तावडीत, पुन्हा हात बांधलेले. बरं, हरणारा संघ निदान वरच्या पिकाची आशा तरी धरतो. सन्सला तीही सोय नाही. ड्युरंटला आणताना त्यांनी २०२५, २०२७ आणि २०२९ चे पहिल्या फेरीतले पिक देऊन टाकले होते. ते हरले तर फायदा दुसऱ्याचा. ज्या संघाला हरूनही काही मिळत नाही, त्याला दोन वर्षं कळ काढायला सांगणं सोपं आहे.

दुसरा आक्षेप मालकाच्या खिशाबद्दल आहे आणि त्यात जास्त दम आहे. त्याच जुलैत मिलवॉकी बक्सने डेमियन लिलार्डला वेव्ह करून त्याचे ११ कोटी ३० लाखांच्या आसपासचे पैसे असेच पाच वर्षांवर पसरवले. वर्षाला सव्वादोन कोटींच्या घरात. लिलार्डने काही सोडलं नाही. पण बक्सने त्या मोकळ्या झालेल्या जागेत मायल्स टर्नर हा सेंटर आणला. ओझं घेतलं आणि त्याच्या मोबदल्यात एक माणूस दाखवला. सन्सने तेवढंच ओझं घेऊन काय आणलं? ते लक्झरी टॅक्सच्या रेषेखाली आले, एप्रनखाली आले. मैदानावर दिसेल असं काही आलं नाही. म्हणून चाहते विचारतात, वाचलेला कर संघाचा की मालकाचा?

मला वाटतं, दोन्ही. कर वाचला तो इशबियांचा, यात शंका नको. पण एप्रनखाली आल्याने पगार एकत्र करून ट्रेड करायची मोकळीक परत मिळाली, तिचा उपयोग संघालाच. बक्सने स्ट्रेच करून खेळाडू विकत घेतला, सन्सने परवानगी विकत घेतली. ती वापरली नाही तर मात्र चाहत्यांचा राग रास्त ठरेल.

आणि वाढत्या कॅपचंही गणित आहे. २०२५-२६ पासून एनबीएचा टीव्हीचा नवा करार सुरू झाला, ११ वर्षांचा, सुमारे ७,६०० कोटी डॉलरचा. एका वर्षात कॅप जास्तीत जास्त १० टक्के वाढू शकते, आणि त्या मोसमात ती तेवढी वाढलीच. बीलचा हप्ता मात्र १ कोटी ९४ लाखांवरच थिजलेला. पहिल्या वर्षी तो कॅपच्या साडेबारा टक्के आहे. कॅप पुढे दर वर्षी ७ टक्के वाढली असं समजलं, तर पाचव्या वर्षी साडेनऊ टक्क्यांच्या आसपास येतो. स्ट्रेचचे समर्थक इथे आवाज चढवतात. साडेनऊ टक्के म्हणजे काही चिल्लर नव्हे, हेही तितकंच खरं.

बड्यांच्या दारात मोकळे खेळाडू

बीलचा बायआउट उन्हाळ्यातला होता, म्हणून त्याला एक जुना वाद चिकटला नाही. मोसमाच्या मध्यावर होणाऱ्या बायआउटांवर छोट्या शहरांतल्या चाहत्यांचा खास दात आहे. फेब्रुवारीत ट्रेडची मुदत संपते, दुबळ्या संघांकडे महागडे पण नको असलेले खेळाडू उरतात, ते पैसे सोडून मोकळे होतात आणि थेट विजेतेपदाच्या दावेदाराकडे किरकोळ पगारावर जातात. १ मार्चच्या आत वेव्ह झाला तरच नव्या संघाकडून प्लेऑफ खेळता येतं, म्हणून फेब्रुवारीच्या अखेरीस ही लगबग. २०२१ मध्ये ब्लेक ग्रिफिनने डेट्रॉइटकडचे १ कोटी ३३ लाख सोडले आणि तो ब्रुकलिनला गेला, जिथे ड्युरंट, हार्डन आणि अर्विंग आधीच होते. पाठोपाठ सॅन अँटोनिओहून लामार्कस ऑल्ड्रिजही तिथेच. ओरड झाली. २०२३ च्या करारात मग तरतूद आली: पहिल्या एप्रनच्या वरच्या संघाला, मोसमात वेव्ह झालेला आणि ठरावीक पातळीपेक्षा जास्त पगार असलेला खेळाडू घेता येत नाही.

त्याहून बिलंदर प्रकार २०१० चा. क्लीव्हलंडने झिड्रुनास इल्गाउस्कस या आपल्या जुन्या सेंटरला वॉशिंग्टनला देऊन अँटॉन जेमिसन आणला. वॉशिंग्टनने इल्गाउस्कसचा बायआउट केला, आणि महिन्याभराने तो परत क्लीव्हलंडच्या बाकावर! गूळही आमचा, खोबरंही आमचं. पुढच्या वर्षीच्या करारात ही पळवाट बुजवली. आता ट्रेड होऊन वेव्ह झालेल्या खेळाडूला लगेच जुन्या घरी परतता येत नाही.

क्लिपर्सकडे त्याच उन्हाळ्यात क्रिस पॉलही आला. २०२३ मध्ये एकमेकांच्या बदल्यात गेलेले दोघं आता एका ड्रेसिंग रूममध्ये. ते फार टिकलं नाही. बील सहा सामने खेळला आणि नोव्हेंबरमध्ये कमरेच्या सांध्याचं हाड मोडून त्याचा मोसम संपला. डिसेंबरमध्ये क्लिपर्सने पॉलला घरी पाठवलं. तिकडे नव्या प्रशिक्षकाखाली, जॉर्डन ऑटच्या हाताखाली, कोणी फारशी आशा न धरलेले सन्स २०२५ संपताना हरल्यापेक्षा जास्त सामने जिंकून बसले होते. साहजिकच स्ट्रेचवाल्यांनी कॉलर ताठ केली. बीलच्या दुखापतीचं श्रेय मात्र कोणी घेऊ नये, ती जुलैत कोणालाच दिसत नव्हती.

बीलचा निरोप ठरला त्याच जुलै महिन्यात बुकरने सन्सशी आणखी दोन वर्षांचा करार केला, सुमारे १४ कोटी ५० लाखांचा. आता तो २०२९-३० पर्यंत फिनिक्सचा आहे. बीलचा शेवटचा हप्ताही त्याच मोसमात फिटतो. लिटलचा त्यानंतर आणखी एक वर्ष चालेल.